फ्रॉस्ट-फ्री की बर्फ धरणारा? दोन पावसाळे दोन्ही वापरल्यावर

आम्ही रत्नागिरीचे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मे संपता संपता सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, हापूसचा रस आणि त्याआधीच भरून ठेवलेले ओले काजूगर, एवढं सगळं एकदमच जागा मागतं. स्वयंपाकघरात डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज होताच. गेल्या वर्षी पडवीत 100 लिटरचा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर घेतला, तोही हाताने बर्फ काढावा लागणारा. दुकानदाराचं आपलं एकच पालुपद, "ताई, उभा फ्रॉस्ट-फ्रीच न्या, बर्फाची कटकट नाही." कटकट नाही हे खरं. पण त्या बर्फाचं काय होतं, हे तो सांगत नाही.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये गार करणारी कॉइल मागच्या पॅनेलआड असते आणि पंखा ती थंड हवा आत फिरवतो. बर्फ धरतोच, फक्त आपल्याला न दिसणाऱ्या कॉइलवर. दिवसातून एक-दोनदा आतला हीटर काही मिनिटं चालतो, बर्फ वितळून पाणी नळीवाटे मागे कॉम्प्रेसरजवळच्या तबकात उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. आता गंमत अशी की फिरणारी हवा कोरडी असते, आणि ती जिथे मिळेल तिथून ओल उचलते. बर्फाच्या ट्रेमधले खडे महिनाभर तसेच राहू द्या, निम्मे झालेले दिसतील. तेच पापलेटचं होतं. पिशवी नीट बंद नसेल तर कडा पांढऱ्या, चिवट पडतात, आणि मग तळा नाहीतर कालवण करा, चव गेली ती गेलीच. शिवाय हीटर चालताना आतलं तापमान थोडं वर-खाली होतं. एरवी ते जाणवत नाही, पण उघडून ठेवलेलं आइस्क्रीम पंधरा दिवसांत खरखरीत लागायला लागतं.

डीप फ्रीझरमध्ये पंखाही नाही, हीटरही नाही. कॉइल भिंतींतच असते, उणे 18 अंशांवर सगळं निवांत पडून राहतं. झाकण वर असल्याने उघडलं तरी जड थंड हवा आतच बसून राहते. कोळंबी डब्यात बुडेल इतकं पाणी घालून गोठवली होती, ती श्रावण संपल्यावर काढली तरी ताजीच म्हणावी अशी निघाली. काजूगरांनाही काही झालं नाही.

त्रास आहे तो पावसाळ्यात. कोकणातली ती दमट हवा. झाकण उघडलं की ओल आत शिरते आणि भिंतींवर बसते. कोरड्या दिवसांत दोन महिन्यांत जेवढा थर येतो, तेवढा आमच्याकडे जुलैत तीन आठवड्यांत आला. थर अर्ध्या सेंटीमीटरच्या वर गेला की काढायलाच हवा, कारण मग भिंतीची थंडी मालापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि कॉम्प्रेसर उगाच जास्त चालतो. मी दोन मुहूर्त ठरवलेत: आंब्याचा रस भरण्याआधी, आणि नारळी पौर्णिमेनंतर, जेव्हा साठा तसाही तळाला गेलेला असतो. उरलेलं सामान थर्माकोलच्या पेटीत, बटण बंद, आत गरम पाण्याचं पातेलं, खालचं बूच काढून ताट सरकवायचं. तासा-दीड तासाचं काम. सुरी किंवा उलथणं मात्र हातातही घेऊ नका. कॉइलला भोक पडलं की गॅस जातो, आणि हल्लीचा गॅस पेट घेणारा असतो. जुन्या सिंगल डोअर फ्रिजांचे कित्येक फ्रीझर असेच सुरीने गेलेत.

बिघडलं तर? बर्फवाल्यात बिघडण्यासारखं कमी. फ्रॉस्ट-फ्रीत हीटर गेला किंवा नळी तुंबली तर पॅनेलमागे बर्फ साचतो, हवेची वाट बंद होते, आणि वरचा फ्रीझर गार वाटत असतानाच खालचं दूध नासतं. दूध नासलं म्हणून आपण दूधवाल्याला बोलतो.

विजेबद्दल एकच सांगते. डायरेक्ट कूल (म्हणजे हाताने बर्फ काढावा लागणारा) आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या स्टार रेटिंगचे तक्ते वेगळे असतात, म्हणून दोघांचे स्टार समोरासमोर ठेवू नका. लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा बघा. महावितरणच्या बिलात 100 युनिटांनंतर दर चढतो. तुम्ही त्या रेषेच्या आसपास असाल तर नवा फ्रीझर तुम्हाला पलीकडे ढकलणारच.

माझं मत विचाराल तर दार दिवसातून कितीदा उघडणार, एवढं बघा. मुलांचा बर्फ, मटार, खवलेला नारळ यांसाठी सतत हात जाणार असेल तर फ्रॉस्ट-फ्री, डोळे झाकून. एकदा भरून आठवड्यातून दोनदा उघडणार असाल तर झाकणवाला. पण कंबर दुखत असेल त्याने विचार करावा. तळातली पिशवी काढायला अर्धं अंग आत घालावं लागतं. आमच्या सासूबाईंनी त्याला हात लावणं सोडूनच दिलंय.

आणि वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. गच्च भरलेला असेल तर साधारण दोन दिवस, अर्धा असेल तर एक दिवस तो तग धरतो, म्हणून रिकाम्या जागेत मी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. घर बंद करून गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपया ठेवते. परत आल्यावर रुपया वाटीच्या तळाशी दिसला, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ते मासे टाकायचे.