घराचा विमा: दोन क्लेम केले, एक मिळाला एक बुडाला

होमलोनच्या वेळी बँकेतल्या साहेबांनी फॉर्मच्या गठ्ठ्यात ही भारत गृह रक्षा पॉलिसी पण सरकवली, "सगळं कव्हर हाय" म्हणाले, मी सह्या ठोकून मोकळा. हप्ता किरकोळ, त्यामुळं उघडून कोण बघतंय.

एप्रिलच्या वळवात आमच्या बेळगावच्या वडगावात वीज अशी जवळ पडली की खिडक्या थरथरल्या, टीव्ही गेला, फ्रिजचा बोर्ड गेला. पॉलिसीत 'वीज पडणे' छापलंय म्हणून मी निवांत, आणि क्लेम नामंजूर! मग रात्री चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. शॉर्टसर्किट, जादा दाब असल्या कारणानं एखादं यंत्र जळलं तर त्या यंत्राचे पैसे नाहीत, कारण आकाशातली वीज असली तरी नाहीत. त्यातनं आग पसरून कपाट जळलं तर मात्र कपाटाचे मिळणार. म्हणजे टीव्हीनं घर पेटवायला पाहिजे होतं होय?

ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी मागच्या दारानं आत आलं, स्वयंपाकघराची मातीची जुनी भिंत बसली. बायको भिजलेल्या गाद्या फेकायला निघालेली, शेजारच्या मामांनी अडवलं, "आधी फोटो काढ की गं, सर्व्हेअर काय हवेतनं लिहिणार?" लाख मोलाचं बोलले. नुकसान बघायला विमा कंपनीनं पाठवलेल्या सर्व्हेअरनं भिंतीवरची गढूळ रेघ टेप लावून मोजली, भिंत, गाद्या, घरघंटी सगळं धरलं. मी लगेच हावरटासारखा माडीवरची ओल दाखवायला नेला. त्यानं नखानं पोपडा काढला, आतली काळी बुरशी बघितली आणि कानडीत म्हणाला, "इदु हळेदु री." जुनंच आहे हे. खोटं कसं म्हणू, दोन पावसाळे वॉटरप्रूफिंग मीच ढकलत होतो. झिजणं, मुरणं यात येत नाही.

रकमेचं पण ऐका. जागेची किंमत यात धरतच नाहीत, फक्त बांधकाम. आमचं 900 चौरस फूट गुणिले फुटाला 2000 रुपये बांधकाम खर्च, म्हणून 18 लाख, आणि आतल्या सामानाला आपोआप त्याच्या 20 टक्के (जास्तीत जास्त 10 लाख), म्हणजे 3 लाख 60 हजार. दागिने वेगळे घ्यावे लागतात. नुसती घरफोडी पण नाही बरं का, पूर किंवा आगीसारखी घटना झाल्यावर तिच्यामुळं 7 दिवसांच्या आत झालेली चोरीच धरतात.

भिंतीचे पैसे आले, गवंडी लागलाय. माडीचं कोटेशन खिशात घेऊन फिरालोय, ते आपल्याच पैशानं.