लिहिताना वळणारा हात: इंजेक्शन, जाड पेन आणि फळा, आठ महिन्यांनंतर

बडोद्यात गुजराती माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. फळ्यावर तासभर लिहिलं तरी हाताला काही होत नाही. वहीत मात्र दुसऱ्याच ओळीला अंगठा पेनवर रुतायचा, तर्जनी ताठ उभी राहायची आणि मनगट आत वळायचं. पोळ्या, वेणी, साडीच्या निऱ्या, सगळं व्यवस्थित. त्यामुळे घरात कुणाला पटेना. "वह्या आल्या की बरा वळतो गं तुझा हात," सासूबाई म्हणायच्या.

दीड वर्ष भलतीकडेच गेलं. मानेचा एक्स-रे, मनगटाला पट्टा, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम. चेंडूचा सल्ला देणाऱ्यावर माझा अजून राग आहे. यात स्नायू कमजोर नसतातच. बोटं मिटणारे आणि उघडणारे स्नायू एकाच वेळी आवळतात. त्यांना आणखी ताकद देऊन करायचं काय?

शेवटी न्यूरोलॉजिस्टनी पेन डाव्या हातात दिलं आणि उजवा मांडीवर मोकळा ठेवायला सांगितला. डावा लिहू लागला आणि मांडीवरचा उजवा आपोआप वळायला लागला. बघून पोटात गोळाच आला. रायटर्स क्रॅम्प, म्हणजे डिस्टोनियाचा (स्नायू आपोआप आवळून अवयव वळण्याच्या आजाराचा) एक प्रकार. हालचालींवर ताबा ठेवणारी मेंदूतली यंत्रणा तेवढ्या एका कामापुरती बिघडते. लेखनिकांच्या हाताचं हे दुखणं इटलीच्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरानं १७१३ सालीच लिहून ठेवलंय, तरी अजून लोक 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावतात.

आधी गोळ्या, ट्रायहेक्सिफेनिडिल. तोंडाला इतकी कोरड की शिकवता येईना. डॉक्टरांना विचारून बंद केल्या.

मग बोटॉक्स. हो, सुरकुत्यांचं तेच. नसेकडून स्नायूला येणारा निरोप ते अडवतं. सुई टोचून लिहायला सांगतात आणि स्नायूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या ईएमजीच्या मशीनमधून फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. जास्त तडतडणारा स्नायू गुन्हेगार. पाचव्या दिवशी अंगठा सैल पडला. तिसऱ्या आठवड्यात मात्र इतका सैल, की दुधाची पिशवी कापायला कात्री चालेना आणि चिमटीतून मीठ निसटायचं. अडीच-तीन महिन्यांत असर ओसरला. दुसऱ्या वेळी डोस कमी केला आणि तर्जनीच्या स्नायूत वेगळा दिला, तो बरोबर बसला. खर्च मात्र दर वेळी हजारांत.

जाड फोमचं पेन घेतलं, तीन आठवडे चाललं, मग हात त्यालाही आवळायला शिकला. पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरून लिहिणं मात्र टिकलंय. डाव्या हाताचं एक बोट उजव्या मनगटावर नुसतं टेकवलं तरी पकड ढिली होते. का होते ते मला समजावून सांगता येणार नाही, पण होते.

सगळ्यात उपयोगी पडली ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या बाईंची शिकवणी, तीही इंजेक्शनचा असर असतानाच. तिनं विचारलं, "ताई, फळ्यावर त्रास होत नाही ना? मग तिथूनच सुरू करू." खांद्यातून हात हलवत मोठी अक्षरं, मग भिंतीला चिकटवलेला कागद, मग उतरतं मेज, शेवटी वही. तेव्हा कुठे लक्षात आलं, माझा हात अक्षरावर नाही, शिरोरेषेवर अडकतो. उजवीकडे ओढत न्यायची ती आडवी रेघ आली की मनगट वळलंच. गुजरातीला शिरोरेषा नाही, म्हणून शाळेतले शेरे त्यातल्या त्यात निभायचे आणि आईला लिहिलेलं मराठी पत्र अर्ध्यावर सुटायचं. आता शिरोरेषा न देता मराठी लिहिते. आई म्हणते, मोडीसारखं वाचावं लागतं. मोडीला तर डोक्यावर लांबच लांब रेघ असते, पण आईशी कोण वाद घालणार?

आज सलग दीड पान होतं, पूर्वी दोन ओळी. परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा अजून नाही जमत; ते सहकारी वाटून घेतात. मधल्या काळात सही जुळत नाही म्हणून माझा चेक दोनदा परत आला होता. आता बँकेत नमुना सही नवी दिलीय, गुजरातीत. तेव्हापासून एकही परत आलेला नाही.