डिस्नेलँड पॅरिस : खोलीच्या दारापासून उद्यानाच्या दारापर्यंत

डिस्नेलँड पॅरिसला मुक्काम करायचे ठरले की हॉटेल निवडताना बहुतेकांचे लक्ष आधी सजावटीकडे आणि दराकडे जाते. चालण्याच्या अंतराचा प्रश्न मात्र तीन आकड्यांत निकाली काढला जातो. डिस्नेच्या स्वतःच्या माहितीनुसार हॉटेल न्यूयॉर्क दहा मिनिटांवर आहे, न्यूपोर्ट बे क्लब आणि सेक्वोया लॉज पंधरा मिनिटांवर, तर शायेन आणि सांता फे वीस मिनिटांवर. हे आकडे खोटे नाहीत. पण ते हॉटेलच्या मुख्य दारापासून मोजलेले आहेत, आणि मोकळ्या हातांनी, बऱ्यापैकी वेगाने चालणाऱ्या प्रौढ माणसाला ते लागू पडतात. लहान मुले किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील, तर दिवसाचा हिशेब या आकड्यांनी लागत नाही, असा माझा अनुभव आहे. या लेखात मी खोलीच्या दारापासून सुरू होणाऱ्या चालीची तुलना केली आहे.

पाच मिनिटांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण दुपारी विश्रांतीला खोलीवर यायचे असेल तर तोच रस्ता दिवसातून चारदा तुडवावा लागतो, म्हणजे पाचाचे वीस होतात. शिवाय डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना सकाळी उद्यान सर्वांसाठी उघडण्याआधी काही निवडक राइड्ससाठी आत सोडतात. ही सवलत हॉटेलच्या दरातच धरलेली असते, आणि तिचा लाभ खऱ्या अर्थाने त्यालाच मिळतो जो न्याहारी उरकून वेळेत दारापाशी पोहोचतो. सकाळची दहा मिनिटे आणि दुपारची दहा मिनिटे यांचे मोल सारखे नसते.

इथली मांडणी निवड करणाऱ्याला अनुकूल आहे, हे आधी सांगायला हवे. पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर असलेले हे संकुल १९९२ साली उघडले, आणि डिस्नेची मुख्य हॉटेले उद्यानाबरोबरच एका आराखड्यात आखली गेली. दुसरे उद्यान २००२ साली पहिल्याच्या शेजारी सुरू झाले. दोन्हींची प्रवेशद्वारे एकाच मोकळ्या आवारावर उघडतात आणि मार्न-ला-व्हॅली शेसी हे रेल्वे स्थानक त्या आवाराला लागूनच आहे. त्यामुळे कोणत्या उद्यानात किती दिवस घालवणार, हा प्रश्न हॉटेलच्या निवडीत फारसा आडवा येत नाही. एका दाराला जे हॉटेल जवळ आहे ते दुसऱ्यालाही जवळच आहे.

डिस्नेलँड हॉटेलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते पहिल्या उद्यानाच्या प्रवेशद्वारावरच उभे आहे, तिकिटे तपासण्याची जागा त्याच्या खालीच येते, आणि नूतनीकरणानंतर जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आहे. अंतर हा एकच निकष ठेवला आणि खर्चाचा विचार बाजूला ठेवता आला, तर तुलना इथेच संपते. ज्यांना तो विचार बाजूला ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी खरी निवड संकुलातल्या तळ्याकाठच्या तीन हॉटेलांत (न्यूयॉर्क, न्यूपोर्ट बे क्लब आणि सेक्वोया लॉज) आणि त्यांच्या पलीकडच्या दोन हॉटेलांत (शायेन आणि सांता फे) आहे. डेव्ही क्रॉकेट रँच हे डिस्नेचेच मुक्कामाचे ठिकाण मी या यादीत धरत नाही, कारण तिथून उद्यानाला यायला स्वतःची गाडी लागते आणि चालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या निवडीत माझे मत ज्या एका गोष्टीने पक्के केले, ती म्हणजे हॉटेलच्या आतले अंतर. तळ्याकाठी आणि पलीकडे मिळून चार हॉटेले प्रत्येकी हजाराच्या आसपास खोल्यांची आहेत. हजार खोल्या एका छपराखाली आणल्या तर मार्गिका लांबतात, आणि लहान लहान इमारतींत विभागल्या तर मधली अंगणे आणि वाटा लांबतात. रॉबर्ट स्टर्न या एकाच वास्तुरचनाकाराने न्यूपोर्ट बे क्लब आणि शायेन ही दोन्ही हॉटेले आखली. पहिले हॉटेल म्हणजे एकच प्रचंड इमारत आहे, तर दुसऱ्यात पश्चिमेकडच्या जुन्या अमेरिकी गावासारख्या सुट्या इमारतींची रांग आहे. दोन्ही कल्पना डोळ्यांना सुरेख दिसतात. पण दोन्हींमुळे छापील मिनिटांत न धरलेली चाल वाढते, आणि ती वाढते दिवसाच्या अगदी शेवटी.

एका मुक्कामात आमची खोली मार्गिकेच्या पार शेवटच्या टोकाला होती. हॉटेलचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण मोठ्या हॉटेलात कुणाच्या तरी वाट्याला ते टोक येणारच. रात्रीची आतषबाजी पाहून आम्ही परतलो, तळ्याकाठचा रस्ता चांगला चालून झाला, हॉटेलचे दार दिसल्यावर आईने पोहोचलो म्हणून सुस्कारा सोडला, आणि त्यानंतर लिफ्टची रांग, लिफ्टनंतर एक वळण, मग दुसरे वळण आणि त्यापुढे जाड गालिचा अंथरलेली सरळ मार्गिका, असा क्रम सुरू झाला. बाहेरच्या फरसबंद वाटेवर एका हाताने ढकलता येणारी बाबागाडी गालिच्यावर आली की तिची चाके रुततात, झोपलेल्या मुलाचे वजन एकदम जाणवू लागते, आणि मधली आगप्रतिबंधक दारे पाठीने ढकलून धरत गाडी पार न्यावी लागते. आई दोनदा भिंतीला टेकून थांबली. मी घड्याळ लावले नव्हते, पण बाहेरचा सगळा रस्ता आम्हाला त्या आतल्या तुकड्याएवढा जड गेला नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. त्यानंतर मी हॉटेलचे अंतर नेहमी खोलीच्या दारापासून मोजू लागलो.

या मापाने पाहिले तर हॉटेल न्यूयॉर्क अधिक जवळचे ठरते. मायकेल ग्रेव्हज यांनी मॅनहॅटनच्या मनोऱ्यांची आठवण करून देणारे हे हॉटेल आखले, आणि मार्व्हलच्या चित्रकलेला वाहिलेल्या नव्या रूपात ते जून २०२१ पासून सुरू आहे. त्याच्या खोल्या साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे न्यूपोर्ट बेच्या साधारण निम्म्या आहेत. साहजिकच आतली चाल मर्यादित राहते. बाहेर पडले की काही पावलांत डिस्ने व्हिलेज या दुकाने-उपाहारगृहांच्या भागाचा रस्ता लागतो आणि तो सरळ स्थानकाच्या नि प्रवेशद्वारांच्या आवाराशी पोहोचतो. छापील दहा मिनिटे इथे, खोलीपासून धरूनही, फारशी फुगत नाहीत. उणीव एकच म्हणता येईल, की डिस्ने व्हिलेजमधल्या उपाहारगृहांची वर्दळ रात्री उशिरापर्यंत असते आणि शांततेची ओढ असलेल्या माणसाला ही बाजू जराशी गजबजलेली वाटू शकते. ज्यांना मार्व्हलच्या जगाशी काही देणेघेणे नाही, त्यांनी निव्वळ अंतरासाठी इथला दर मोजावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे.

न्यूपोर्ट बे क्लब दिसायला तिघांत सर्वांत देखणे आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मला ते मान्य आहे. तळ्यावरचे दीपगृह, पांढरी कठड्यांची गच्ची, संध्याकाळी पाण्यात पडणारे दिवे हे सगळे मनात राहणारे आहे. पण एक हजाराहून अधिक खोल्यांची ही एकसंध इमारत असल्यामुळे इथल्या पंधरा मिनिटांत खोली कुठे मिळते यावर बराच फरक पडतो. मधल्या भागात खोली मिळाली तर तक्रारीला जागा नाही. इमारतीच्या एखाद्या टोकाला मिळाली तर चालीत भर पडते, आणि आरक्षणाच्या वेळी हे सहसा हातात नसते.

सेक्वोया लॉज माझ्या मते इथेच वेगळे ठरते. आन्त्वान ग्रुमबाख या फ्रेंच वास्तुरचनाकाराने आखलेल्या या हॉटेलात मॉन्टाना नावाची एक मुख्य इमारत आहे आणि झाडीत विखुरलेल्या लहान लॉज-इमारती आहेत. स्वागतकक्ष, शेकोटी आणि उपाहारगृह मुख्य इमारतीत आहेत. त्यामुळे मॉन्टानात खोली मिळालेल्या माणसाला सकाळी खाली उतरून न्याहारी करून थेट तळ्याच्या वाटेला लागता येते. झाडीतल्या लॉजमध्ये उतरलेल्याला मात्र आधी उघड्यावरून मुख्य इमारतीत यावे लागते. म्हणजे एकाच हॉटेलात, एकाच छापील आकड्याखाली, दोन वेगळी अंतरे आहेत. चांगली बाजू अशी की हा फरक स्पष्ट आहे आणि त्याविषयी नेमके विचारता येते. ‘खोली मॉन्टाना इमारतीत हवी’ ही विनंती एका वाक्यात करता येते, आणि तळ्याकडे तोंड असलेल्या खोल्याही याच इमारतीत असल्यामुळे तो प्रकार निवडला की प्रश्न बराचसा सुटतो. लांबलचक मार्गिकेच्या हॉटेलात ‘खोली लिफ्टजवळ द्या’ अशी विनंती करता येते खरी, पण ती मानली जाईलच याचा भरवसा कमी असतो.

झाडीतल्या लॉजचीही एक बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. तिथे शांतता अधिक आहे, दोन-तीन मजल्यांच्या इमारतींमुळे गर्दी जाणवत नाही, आणि पाऊस नसेल तर झाडांखालून मुख्य इमारतीपर्यंतची वाट आनंदाची असते. तरुण जोडप्याला मी कदाचित तीच सुचवीन. पण इथल्या सपाट प्रदेशात हिवाळ्यात वारा बोचरा असतो, आणि दमलेल्या मुलाला कोट-टोपी घालून न्याहारीला नेण्यात सकाळ मोडते.

शायेन आणि सांता फे ही हॉटेले रिओ ग्रांदे नावाच्या लहानशा जलप्रवाहाच्या दोन बाजूंना आहेत. दोन्हींसाठी वीस मिनिटे सांगितली असली, तरी दोन्ही सुट्या इमारतींची असल्यामुळे पुढची इमारत आणि मागची इमारत यांत लक्षणीय तफावत पडते. आन्त्वान प्रेडॉक यांच्या सांता फेमध्ये बैठ्या ठेवणीच्या इमारती मोठ्या आवारात पसरल्या आहेत, आणि माझ्या पायांना तरी ते शायेनपेक्षा थोडे दूर वाटते. प्रवाहाच्या काठाने तळ्यापर्यंत जाणारी वाट मात्र अतिशय रम्य आहे, रहदारीपासून दूर आहे, आणि चालण्याची आवड असलेल्या धडधाकट मंडळींना हे अंतर ओझे वाटणार नाही. खर्च आवरता ठेवायचा असेल, तर या दोघांतून मी शायेन निवडीन.

इथे बसचा विषय येतो, कारण ‘दूर असले तरी बस आहेच’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. डिस्नेच्या या हॉटेलांपासून मोफत बस सुटते आणि ती स्थानकाशेजारी उतरवते. तिथून प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर आणि वाटेतली सुरक्षा तपासणी उरतेच. थांब्यावर वाट पाहणे, बाबागाडी घडी करून चढवणे, उतरल्यावर पुन्हा उघडणे हे सगळे धरले, तर तळ्याकाठच्या हॉटेलांना बसने वेळेची बचत होते असे मला कधी वाटले नाही. सांता फेसारख्या दूरच्या हॉटेलाला, भर पावसात किंवा गुडघे दुखत असताना ती उपयोगी आहे, यात शंका नाही. पण आतषबाजी संपल्यावर सगळे उद्यान एकाच वेळी रिकामे होते. त्या वेळी बसची रांग धरायची नाही, हे स्वातंत्र्य तळ्याकाठी राहण्यातला मोठा लाभ आहे.

त्या वेळेसाठी एक उपयोगी गोष्ट. पहिल्या उद्यानात दारापासून आत जाणाऱ्या मेन स्ट्रीट या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या मागून, डिस्कव्हरी आर्केड आणि लिबर्टी आर्केड असे दोन छत असलेले मार्ग आहेत. रस्त्यावर गर्दी दाटलेली असताना त्यांपैकी एकातून बाहेर पडले की बाबागाडी आणि म्हातारी माणसे दोन्ही सुखरूप दारापर्यंत येतात, आणि पाऊस असेल तर तोही चुकतो. कोणत्याही हॉटेलात राहिलात तरी पहिला टप्पा हाच असतो.

व्हॅल द’युरोपमध्ये, म्हणजे पॅरिसहून येणाऱ्या आरईआर या उपनगरी गाडीने एक स्थानक अलीकडे, राहण्याचा पर्यायही काहींना पटतो. स्थानकालगतच्या मुक्कामातून गाडीत बसले की शेसीला उतरून प्रवेशद्वार समोरच येते, त्यामुळे पायी अंतर सांता फेपेक्षा कमी भरू शकते. पण दुपारी मूल झोपेला आले की गाडीची वाट पाहावी लागते, आणि डिस्नेच्या पाहुण्यांची सकाळची सवलतही मिळत नाही. ज्यांना एखादा दिवस पॅरिस शहरातही घालवायचा आहे, त्यांनी हा पर्याय जरूर तपासावा.

राहता राहिला न्यूयॉर्क आणि सेक्वोया लॉज यांच्यातला निर्णय. बाहेरच्या रस्त्यात न्यूयॉर्क पाच मिनिटांनी पुढे आहे. मॉन्टानामधून निघाल्यावर तळ्याकाठची शांत वाट मिळते, आणि रात्री परत येऊन शेकोटीशेजारी आई दहा मिनिटे टेकली की वर खोलीपर्यंतचा टप्पा सोपा जातो. त्या पाच मिनिटांच्या बदल्यात मला हे अधिक मोलाचे वाटते. म्हणून मी आधी मॉन्टानातल्या खोलीची चौकशी करीन, तळ्याकडचा प्रकार उपलब्ध असेल तर तोच घेईन, आणि लॉजमधली खोली मिळण्याची शक्यता दिसली, तर बरोबर आई किंवा तान्हे मूल असताना हॉटेल न्यूयॉर्कचे आरक्षण करीन.