डाव्या पायाच्या विंगरने आधी कुणाला बघावं: जॉन बार्न्स की ख्रिस वॅडल?

मागच्या आठवड्यात ग्राउंडवर फुटबॉल खेळणाऱ्या एका पोरानं विचारलं, दादा जुन्या विंगरमधला (म्हणजे मैदानाच्या कडेनं हल्ला करणाऱ्यांमधला) कुणाला बघू. पोरगं पंधरा वर्षांचं, अंगानं काडी, डावा पाय असा चालतो की बघत राहावं आणि उजवा नुसता उभं राहायला. मी पटकन दोन नावं सांगून टाकली, बार्न्स आणि वॅडल, दोघंही इंग्लंडचे, दोघंही डाव्या पायाचे, दोघांचे भरपूर व्हिडिओ मिळतात. घरी आलो आणि वाटलं की हे चुकलं. दोघांना एकदम बघितलं तर पोराचा गोंधळ होणार, कारण दोघांची माणूस काढायची, म्हणजे समोरच्याला चकवून पुढे जायची, पद्धत एकमेकांच्या बरोबर उलटी आहे. आधी एक धरायला पाहिजे, दुसरा नंतर. मग कुठला आधी, ते इथे नीट लिहितो, कारण असा प्रश्न पडलेला तो एकटाच नसणार.

सुरुवात दोघांचीही साधीच, लहानपणापासून मोठ्या क्लबात वाढलेला कुणीच नाही. वॅडलचा जन्म 1960 चा, गेट्सहेडजवळच्या फेलिंगचा, म्हणजे न्यूकॅसलच्या नदीपलीकडचा. सॉसेजमध्ये घालायचा मसाला बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि टो लॉ टाउन नावाच्या छोट्या क्लबकडून खेळायचा. 1980 मध्ये न्यूकॅसलनं त्याला हजार पाउंडात घेतलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बार्न्स 1963 चा, जमैकातल्या किंग्स्टनचा, वडील तिकडच्या लष्करात अधिकारी, बारा वर्षांचा असताना घर लंडनला आलं. सडबरी कोर्ट या हौशी क्लबात खेळताना वॉटफर्डनं त्याला उचललं, आणि बदल्यात त्या क्लबाला काय दिलं तर खेळायच्या कपड्यांचा एक सेट! सतराव्या वर्षी तो वॉटफर्डच्या पहिल्या टीममध्ये होता. पंधराव्या वर्षी आपल्याला कुणी निवडलं नाही म्हणून ज्यांचं मन खट्टू होतं त्यांनी या दोघांच्या सुरुवातीकडे एकदा नक्की बघावं.

आता मुख्य मुद्दा, समोरचा फुलबॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर, कसा काढायचा.

बार्न्स माणूस काढतो तो अंगानं. बॉल पायाशी चिकटलेला, पळता पळता कंबर एका बाजूला वळते आणि डिफेंडर जवळ आला की बार्न्सची पाठ किंवा खांदा आधीच मध्ये आलेला असतो, त्यामुळे डिफेंडरला बॉल दिसतो पण तिथे पाय घालायला जागाच उरत नाही. वेग होता, ताकद होती, आणि धक्का बसला तरी तोल जात नव्हता. ऑक्टोबर 1987 मध्ये लिव्हरपूलकडून क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, त्यानं जो गोल केला तो बघा, मैदानाच्या मध्याजवळ बॉल घेतला आणि सरळ आत घुसला, दोघांच्या मधून असा निघाला की त्या दोघांना एकमेकांकडे बघायची वेळ आली. 10 जून 1984 चा रिओच्या माराकानावरचा गोलही तसाच, वय वीस, समोर ब्राझील, डावीकडून आत कापत एकामागून एक माणूस मागे टाकत शेवटी गोलकीपरलाही बाजूनं काढलं. इंग्लंडनं ती मॅच 2-0 जिंकली. त्याच दौऱ्यातल्या एका विमानप्रवासात काही वर्णद्वेषी लोक म्हणत होते की इंग्लंड 1-0 नंच जिंकलं, काळ्या माणसाचा गोल धरायचा नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बार्न्स कशातून खेळत होता हे माहीत नसेल तर त्याचा तोल किती मोठा होता ते कळत नाही, आणि मी फक्त पायांच्या तोलाबद्दल बोलत नाहीये. फेब्रुवारी 1988 मध्ये एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर प्रेक्षकांतून त्याच्याकडे केळं फेकलं गेलं, त्यानं टाचेनं ते लाइनच्या बाहेर ढकललं आणि खेळायला लागला. त्याच मॅचमध्ये लिव्हरपूलचा एकमेव गोल त्याच्याच क्रॉसवर, म्हणजे कडेनं गोलसमोर टाकलेल्या बॉलवर, झाला, हूटनच्या डोक्यानं.

वॅडल माणूस काढतो तो हूल देऊन. कबड्डीत चढाई करणारा पाय पुढे टाकतो आणि पकडणारा झेपावला की मागे घेतो ना, तसंच. त्याला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हा थकलाय, खांदे पडलेले, मान खाली, पाय ओढत चालल्यासारखा. उंच माणूस. आमच्या ग्राउंडच्या पायऱ्यांवर मोबाइल मध्ये धरून पाच पोरांना मी त्याची एकच हूल सात-आठ वेळा मागे घेऊन दाखवली. बघा काय होतं: तो पळत येतो आणि डिफेंडरपासून दोन पावलांवर जवळजवळ थांबतो. थांबला की डिफेंडरही थांबतो, हे महत्त्वाचं. मग डावा पाय बॉलवरून फिरतो, डावा खांदा खाली जातो, बॉल मात्र जागचा हललेला नाही. डिफेंडरचं वजन एका टाचेवर गेलं की वॅडल दुसऱ्या बाजूनं निघतो, आणि तेही फार जोरात नाही, एक पाऊल पुढे गेलं की बास. एक पोरगं म्हणालं, हा तर पळतच नाही. अगदी बरोबर, तो स्वतः पळत नाही, समोरच्याला थांबवतो आणि मग थांबलेल्या माणसाला ओलांडतो.

दुसरा फरक बाजूचा. बार्न्स मुख्यतः डावीकडे खेळला, डाव्या पायाचा माणूस डाव्या विंगवर, म्हणजे लाइनच्या कडेनं जाऊन क्रॉस टाकू शकतो, आतही येऊ शकतो. एप्रिल 1988 मध्ये लिव्हरपूलनं नॉटिंगहॅम फॉरेस्टला 5-0 नं हरवलं त्या मॅचमध्ये त्यानं डाव्या कोपऱ्यात एंड लाइनजवळ डिफेंडरच्या दोन पायांतून बॉल काढून टीममधल्या बियर्ड्सलीला मागे दिला आणि गोल झाला, डाव्या विंगरनं करायचं काम ते हेच. वॅडल दोन्हीकडे खेळला पण फ्रान्सच्या मार्सेल क्लबमध्ये त्याचं राज्य होतं ते उजवीकडे, डाव्या पायानं आत वळायचं, शूट करायचं किंवा तिथल्या स्ट्रायकर पापॅंला पास द्यायचा. आज उलट्या पायाचा विंगर सगळ्या टीममध्ये असतो, त्या काळी इंग्लंडच्या लोकांना हे विचित्र वाटायचं. तुमचा कोच तुम्हाला उजवीकडे खेळवत असेल तर वॅडल बघितल्याशिवाय राहूच नका.

बियर्ड्सलीचं नाव आलंच आहे तर, हा माणूस न्यूकॅसलमध्ये वॅडलच्या बरोबर होता, केविन कीगन पण होता, 1984 मध्ये तिघांनी मिळून टीमला वरच्या डिव्हिजनमध्ये आणलं, आणि 1987 मध्ये बियर्ड्सली लिव्हरपूलला गेला त्याच उन्हाळ्यात बार्न्सही तिथे आला, नऊ लाख पाउंडात. म्हणजे विंगरच्या शेजारी हुशार माणूस असला की विंगर कसा फुलतो हे दोघांच्या करिअरमध्ये एकाच माणसामुळे दिसतं. त्या 1987-88 च्या सीझनला लिव्हरपूल सुरुवातीच्या सलग 29 लीग मॅच हरलं नाही.

कुणी काय जिंकलं हे लोक लगेच विचारतात. बार्न्सकडे 1988 आणि 1990 ची लीग, 1989 चा एफए कप, 1995 चा लीग कप (दोन्ही इंग्लंडच्या हरला की बाहेर अशा स्पर्धा), पत्रकारांचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू दोनदा, 1988 आणि 1990. लिव्हरपूलसाठी 407 मॅचमध्ये 108 गोल, विंगरच्या मानानं हे प्रचंड आहे, 1989-90 मध्ये तर एकट्या लीगमध्ये 22. वॅडलकडे इंग्लंडमधली एकही मोठी ट्रॉफी नाही. टॉटनहॅमबरोबर 1987 चा एफए कपचा फायनल हरला, शेफिल्ड वेन्सडेबरोबर 1993 मध्ये लीग कप आणि एफए कप दोन्ही फायनल आर्सेनलकडून हरला, दुसऱ्यात तर रिप्लेमध्ये त्यानंच बरोबरीचा गोल केला होता आणि एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी कप गेला. पण 1989 मध्ये मार्सेलनं त्याच्यासाठी साडेचार मिलियन पाउंड मोजले आणि तिथे तो सलग तीन वर्षं फ्रान्सचा चॅम्पियन झाला. मार्सेलचे लोक त्याला मॅजिक ख्रिस म्हणायचे.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी नुसती ट्रॉफी मोजणारे विसरतात. 1985 ते 1990 इंग्लिश क्लबना युरोपात बंदी होती, लिव्हरपूलला तर त्याहून एक वर्ष जास्त. म्हणजे बार्न्स जेव्हा सगळ्यात भारी होता तेव्हा तो युरोपियन कपमध्ये खेळूच शकत नव्हता. वॅडल मात्र फ्रान्सला गेल्यामुळे मार्च 1991 मध्ये त्या वेळच्या मिलानसमोर उभा राहिला, लागोपाठ दोन वर्षं युरोप जिंकलेली टीम, आणि मार्सेलच्या मैदानावर त्याच्याच व्हॉलीनं (बॉल हवेत असतानाच मारलेल्या किकनं) मिलान बाहेर गेलं. कुठल्या पायानं? उजव्या. उजवा पाय नुसता उभं राहायला आहे असं म्हणणाऱ्या सगळ्यांनी हे दोनदा वाचा.

इंग्लंडच्या शर्टात दोघांबद्दल तक्रार एकच, क्लबमध्ये जसा खेळतो तसा इथे खेळत नाही. बार्न्स 79 मॅच 11 गोल, वॅडल 62 मॅच 6 गोल. मला ही तक्रार अर्धवट वाटते, क्लबमध्ये त्यांना बॉल सारखा मिळायचा, इंग्लंडच्या टीममध्ये विंगर वीस-वीस मिनिटं बॉलची वाट बघत उभा. 1986 च्या वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध बार्न्सला शेवटची पंधराएक मिनिटं मिळाली, तेवढ्यात त्याच्या क्रॉसवर लिनेकरनं एक गोल केला आणि दुसरा थोडक्यात हुकला. आधीच उतरवला असता तर, हे मला आजही वाटतं. वॅडलचं नाव काढलं की लोकांना 4 जुलै 1990 आठवतो, तुरीनमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध वर्ल्ड कपची सेमी फायनल, त्याची पेनल्टी बारच्या वरून गेली. त्याच मॅचच्या एक्स्ट्रा टाइममध्ये त्याचा शॉट पोस्टला लागून परत आला होता हे फार कमी जणांच्या लक्षात आहे. एका किकवर एवढ्या सुंदर खेळाडूची किंमत करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

बार्न्सची एक चूकही बघा, शिकायचं तिथेच जास्त आहे. 26 मे 1989, ॲनफिल्ड, लीगची शेवटची मॅच, आर्सेनल 1-0 नं पुढे पण तेवढ्यानं त्यांना लीग मिळत नव्हती, वेळ संपलेली, बॉल बार्न्सकडे समोरच्या कोपऱ्याजवळ. तिथे बॉल दाबून धरायचा होता. तो ड्रिबल करून आत जायला गेला, आर्सेनलच्या रिचर्डसननं बॉल काढून घेतला, आणि तिथून निघालेल्या हल्ल्यात मायकल थॉमसनं गोल केला, लीग गेली. विंगरच्या पायाला सवय लागलेली असते माणूस काढायची, कधी काढायचा नाही हे वेगळं शिकावं लागतं.

मग जून 1992 मध्ये बार्न्सचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि त्याचा वेग गेला तो गेलाच. बहुतेक विंगर तिथे संपतात. तो मधे सरकला, साधे पास, बॉल कुणाकडून गेला नाही पाहिजे एवढंच, आणि 1996 चा एफए कप फायनल त्यानं कॅप्टन म्हणून खेळला. वॅडलला असा बदल करावा लागला नाही कारण त्याचा खेळ मुळात वेगावर नव्हताच, बत्तीस वर्षांचा असताना 1993 मध्ये तोही पत्रकारांचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू झाला, त्याच एप्रिलमध्ये वेम्बलीवर शेफिल्डच्या दोन टीमच्या सेमी फायनलमध्ये दोन मिनिटं व्हायच्या आत तीस यार्डांच्या पलीकडून फ्री किक आत मारली.

तर निवड. अंगानं भरलेला असशील, डावीकडे खेळत असशील, पहिल्या पाच पावलांत पुढे निघून जाता येत असेल तर बार्न्स आधी बघ, दुसरा विचारच नको. एकंदर खेळाडू म्हणून विचारलं तर माझ्या मते बार्न्स मोठा, 1987 ते 1990 मधला तर इंग्लंडचा त्या पिढीतला सगळ्यात भारी विंगर. पण आमच्या या पोराला मी वॅडल सांगितला, आधी वॅडल. बार्न्सची अर्धी जादू त्याच्या अंगात होती, ते अंग पंधराव्या वर्षी उसनं आणता येत नाही आणि तो प्रयत्न केला की पोरं दांडगट डिफेंडरवर जाऊन आपटतात. वॅडलच्या हुलीला ताकद लागत नाही, वेळ साधावी लागते, आणि वेळ साधणं रोज संध्याकाळी अर्धा तास करून येतं. बार्न्स दोन-तीन वर्षांनी, अंग भरलं की.

परवा त्यानं करून बघितलं. तीनदा बॉल स्वतःच्याच पायात अडकला. चौथ्यांदा डिफेंडर थांबला, पोरगंही थांबलं आणि पुढे काय करायचं तेच विसरून उभं राहिलं. मी ओरडलो, अरे आता जा!