फास्ट गाडी घेताय? मॅन्युअल का ऑटोमॅटिक, आधी इंजिन बघा

'कोणती जास्त फास्ट' हा वाद आधी संपवून टाकू, कारण त्यात आता काही राहिलेलं नाहीये. पोर्शची 2021 ची 911 जीटी3 घ्या, इंजिन तेच 4 लिटरचं, गाडी तीच, फरक फक्त गिअरबॉक्सचा, तर कंपनीचेच आकडे सांगतात की ड्युअल क्लचवाली ऑटोमॅटिक (पोर्शवाले त्याला पीडीके म्हणतात) 0 ते 100 ला 3.4 सेकंद घेते आणि मॅन्युअल 3.9. अर्धा सेकंद, आणि या लेव्हलच्या गाडीत अर्धा सेकंद म्हणजे भरपूर झाला. मॅन्युअल 17 किलोने हलकी आहे, टॉप स्पीडही 318 च्या जागी 320, पण तेवढ्याने ट्रॅकवर ती पुढे जात नाही. तुम्हाला फक्त लॅप टाइमच हवा असेल तर डोळे झाकून ऑटोमॅटिक घ्या.

असं का होतं ते सोपं आहे. ड्युअल क्लचमध्ये एका क्लचवर 1, 3, 5, 7 हे गिअर असतात आणि दुसऱ्यावर 2, 4, 6, म्हणजे तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच पडून तयार असतो, एक क्लच सुटतासुटता दुसरा पकडतो आणि चाकांकडे जाणारी ताकद तुटतच नाही. मॅन्युअलमध्ये हात कितीही चपळ असला तरी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा, दांडा ओढा, क्लच सोडा एवढं करेपर्यंत चाकांना काहीच मिळत नाही आणि इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो असेल तर तेवढ्यात त्याचा दाबही (बूस्ट) उतरतो.

पण 'ऑटोमॅटिक' म्हणजे एकच वस्तू असं धरून चालू नका, इथे बरेच जण फसतात. ड्युअल क्लच एक, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढे देणारा) दुसरा, आणि तिसरा प्रकार म्हणजे जुना सिंगल क्लचवाला, साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच पण क्लच आणि दांडा मशीन हलवतं, फेरारीने 1997 ला एफ355 मध्ये स्टिअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल्स दिले ते याच जातीचे. त्या काळी ते भारीच होतं, पण आज सेकंडहँड चालवून बघा, हळू जाताना प्रत्येक गिअरला मान पुढे-मागे होते आणि शिफ्टच्या वेळी पाय जरा उचलला नाही तर हिसका बसतोच. त्यातल्या त्यात दांडेवाल्या जुन्या फेरारीला आज त्याच मॉडेलच्या पॅडलवालीपेक्षा जास्त पैसे मिळतात, ते उगाच नाही.

टॉर्क कन्व्हर्टरला मात्र लोक अजून सुस्त समजतात आणि ते आता खरं नाही. बीएमडब्ल्यूने आधीच्या एम3 मध्ये ड्युअल क्लच दिला होता, सध्याच्या पिढीत तो काढून 8 गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बसवला. गाडी सुटली की आतला लॉक-अप क्लच घट्ट जोडला जातो मग तेलातली घसरण राहत नाही, शिफ्ट पटापट पडतात, आणि मुंगीच्या चालीने सरकावं लागतं तिथे हा ड्युअल क्लचपेक्षा नक्कीच मऊ वागतो. रोज ऑफिसला तीच गाडी न्यायची असेल तर हा सगळ्यात शहाणा पर्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की गिअरबॉक्स नंतर ठरवा, आधी इंजिन कसं आहे ते बघा. टर्बो नसलेलं, वर चढत जाणारं इंजिन असेल (जीटी3 चं 9000 आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत जातं) तर ताकद वर असते, ती मिळवायला तुम्हाला योग्य गिअर शोधावा लागतो, म्हणजे दांड्याला खरंच काम असतं. डिझायनर गॉर्डन मरेंच्या टी.50 या सुपरकारमध्ये 12,100 आरपीएमचं व्ही12 आहे आणि गिअरबॉक्स 6 गिअरचा मॅन्युअल, ती जोडी ऐकूनच पटते. उलट मोठा टर्बो आणि खालूनच टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) लोंढा येणारं इंजिन असेल तर तिसरा काय आणि चौथा काय, गाडी सुटतेच, मग हाताला निर्णय घ्यायला उरत नाही. एम3 मध्येच बघा, मॅन्युअल 480 एचपी आणि 550 एनएम टॉर्कवाल्या साध्या गाडीला मिळते, 510 एचपी आणि 650 एनएमची कॉम्पिटिशन फक्त ऑटोमॅटिक आहे. मोठ्या टर्बोची गाडी घेणार असाल तर मॅन्युअल नाही म्हणून हळहळू नका, खरंच.

आणि मॅन्युअलवाल्यांनी एक गोष्ट विचारायलाच हवी जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही, गिअर किती लांब आहेत? पोर्शची 718 केमन जीटी4 दुसऱ्या गिअरलाच सव्वाशेच्या पुढे जाते, म्हणजे रस्त्यावर एकदा दुसरा टाकून वरपर्यंत ओढलं की स्पीड लिमिट केव्हाच मागे पडलेली असते, आणि ज्या शिफ्टिंगसाठी तुम्ही दांडा घेतला ते करायची वेळच येत नाही. म्हणून रस्त्यावरचीच मजा हवी असेल तर कमी ताकदीची पण आखूड गिअरची गाडी जास्त आनंद देते, होंडाची सिव्हिक टाइप आर फक्त मॅन्युअलच येते आणि ती चालवणाऱ्याला विचारा.

तो आनंद नेमका काय असतो ते सांगतो, कारण आकड्यात तो सापडत नाही. वळण जवळ येतं, उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर दाबलेला, डाव्याने क्लच खाली, हात चौथ्यातून तिसऱ्याकडे निघालाय आणि त्याच क्षणी उजव्या पायाचीच बाहेरची कड अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी मारते, इंजिनाचे फेरे (रेव्ह्ज) उडी मारून वर येतात, क्लच सुटतो आणि गाडीला कळतही नाही की गिअर बदलला. ब्रेकचा दाब तसूभर हलला नाही तर जमलं. मला हे नीट बसायला कित्येक महिने लागले, आणि अजूनही दहातले सगळे नीट पडले तर दिवस चांगला जातो. हल्ली बऱ्याच मॅन्युअलमध्ये ही टिचकी गाडी स्वतःच मारते, घेताना ते बंद करता येतं का तेवढं बघून घ्या.

पण चूक झाली तर मॅन्युअल माफ करत नाही. चौथा वरपर्यंत ताणून पाचवा टाकायला जावं आणि घाईत तिसरा पडावा, क्लच सोडला की चाकंच इंजिनला मर्यादेच्या वर फिरवतात, रेव्ह लिमिटर तिथे काहीच करू शकत नाही कारण तो फक्त इंजिनाला वर जाण्यापासून अडवतो, चाकांना नाही. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन जातं. ऑटोमॅटिक असला गिअर मागितलात तरी देतच नाही. त्यामुळे सेकंडहँड मॅन्युअल बघत असाल तर ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन असं मर्यादेच्या वर फिरल्याची नोंद काढून मागा, पोर्शच्या कंप्युटरमध्ये ती साठलेली असते, विकणारा टाळाटाळ करायला लागला तर मी तरी पुढे जाणार नाही.

ट्रॅकवर नवीन असाल तर सुरुवात ऑटोमॅटिकने केलेली बरी, सगळं लक्ष लाइन (वळणातून गाडी कुठून न्यायची ते) आणि ब्रेकिंगवर राहतं. डाव्या पायाने ब्रेक मारायची सवयही त्यातच लागते.

बाकी कित्येकदा निवड तुमच्या हातात नसतेच. कॉर्वेटच्या 2020 पासूनच्या पिढीत मॅन्युअल नाही, 911 टर्बोलाही नाही. पण मागणी असली की कंपन्या ऐकतात. 2013 ची जीटी3 फक्त पीडीकेमध्ये आली होती, लोक नाराज झाले, 2016 ला 911 आर ही मॅन्युअल गाडी फक्त 991 नग काढली ती हातोहात गेली आणि 2017 च्या जीटी3 मध्ये क्लच परत आला.

टेस्ट ड्राइव्हला दोन्ही चालवा, आणि नुसतं सरळ रस्त्यावर पळवून परत येऊ नका. मॅन्युअलमध्ये जोरात ब्रेक दाबलेला असताना ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एका लेव्हलला येतात का, पाय पोचतो का ते बघा. ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोडमध्ये टाकून आरपीएमच्या लाल रेषेपर्यंत न्या, ती तुमच्या पॅडलची वाट बघते का परस्पर वरचा गिअर टाकून मोकळी होते ते तिथे लगेच कळेल.