शेव्हरोले पिकअपच्या चाकाला टोपी : जुनी, नवी की घडवलेली?

खंबाटकी चढून सुरूर फाट्यावर चहाला थांबलो, तर मागच्या डाव्या चाकाची टोपी, म्हणजे हबकॅप, गायब. अमेरिकेहून मागवलेली, कस्टममध्ये अडकून आलेली, आदल्या रात्री मऊ फडक्यानं पुसलेली. शोधायला परत जायचं म्हणजे बोगद्यातून उलटं येऊन घाट पुन्हा चढायचा. तोही चढलो. मिळाली नाही ती नाहीच.

गाडी आहे 1951 ची शेव्हरोले 3100, अर्ध्या टनाची पिकअप. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 ते 1954 आपल्या शिवडीलाच होता, त्यामुळे शेव्हरोले हे नाव इकडच्या जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यांना घरचंच. पण गाडी घरची असली तरी तिच्या टोप्या आता घरच्या राहिलेल्या नाहीत. तीन वाटा आहेत: जुनी अस्सल टोपी शोधायची, अमेरिकेत बनणारी नवी नक्कल मागवायची, किंवा इथेच घडवून घ्यायची. तिन्हींत मी थोडेथोडे पैसे घालवले आहेत, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट, कारण माझी टोपी हिच्यामुळेच गेली. विकणारे लिहितात "1947 ते 1955 ला बसते". वर्ष चाकाला कळत नाही. सत्तर वर्षांत डिस्क (टायर ज्याच्यावर चढतो ते लोखंडी चाक) बदलल्या जातात, स्टेपनी पुढे येते, दुसऱ्या ट्रकची डिस्क सहा नटांची म्हणून चढवली जाते. आणि सोळा इंची डिस्क म्हणजे टायर सोळाचा; छोट्या, वाटीसारख्या टोपीशी त्या सोळाचा काही संबंध नाही. (चाक पूर्ण झाकणारं व्हील कव्हर घेत असाल, तर मात्र डिस्कचं मापच बघायचं.)

या गाड्यांत टोपीला दात नसतात. डिस्कवर स्प्रिंगच्या क्लिपा रिबीट केलेल्या असतात आणि टोपीची आत वळवलेली कड त्यांच्यावरून सरकून अडकते. तेव्हा दोन मापं घ्यायची. डिस्कवर समोरासमोरच्या क्लिपांची बाहेरची टोकं, क्लिपा तीनच असतील तर मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर दुप्पट करून. आणि टोपी पालथी करून तिच्या कडेचा आतला व्यास. कड क्लिपांच्या वर्तुळापेक्षा किंचित लहान हवी. पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की एकतर टोपी चढत नाही, नाहीतर घाटात उतरते. चारही चाकं मोजा. माझी तीन सारखी निघाली, चौथं लहान. मिस्त्री व्हर्निअर खिशात टाकत म्हणाला, "साहेब, टोपी बरोबर आहे, डोकं वेगळं आहे."

आता तीन वाटा.

जुनी अस्सल टोपी हातात घेतली की मोह आवरत नाही. पत्रा जाड, अक्षरांची धार शाबूत, पाठीमागे सत्तर वर्षांची माती. पण चार सारख्या मिळणं कठीण; दोन मिळतात, तिसरी चेपलेली आणि चौथी वेगळ्याच मॉडेलची. इथे धातू ओळखता आला पाहिजे, आणि चुंबक लावून निकाल देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. गाडीच्या नक्षीकामाला वापरलेल्या काही स्टेनलेसला चुंबक चिकटतं, काहींना नाही. पाठ बघा. वरचा थर सालीसारखा सुटलेला आणि खाली तांबडा गंज दिसला, तर ते लोखंडावरचं क्रोम. ओरखड्यात पिवळं दिसलं, तर खाली पितळ. काहीच सुटलेलं नसेल तर बहुधा स्टेनलेस, आणि तेच सगळ्यात स्वस्तात पडतं: चांगला डेंटर आतून चेप काढतो, बफिंग केलं की झालं. क्रोमवालीला जुना थर उतरवून पुन्हा तांबं, निकेल आणि वर क्रोम चढवावं लागतं. ते काम टोपीपेक्षा महाग जातं. खड्डे पडलेले असतील तर प्लेटिंगनंतरही दिसतातच.

कोणी रंगवलेली टोपी दाखवली तर लगेच नाक मुरडू नका. कोरियन युद्धाच्या काळात निकेलची टंचाई होती, अमेरिकन गाड्यांवरचं क्रोम कमी झालं आणि चमकणाऱ्या भागांच्या जागी रंग आला. माझ्यासारख्या 1951 च्या गाडीला रंगीत टोपी शोभते. रॅलीत मात्र दहा जण विचारतात, "क्रोम कधी करणार?"

नवी नक्कल हा सरळ मार्ग. चारही एकसारख्या, अक्षरं नीट, स्टेनलेसच्या असल्या तर गंजाची चिंता नाही. पत्रा मात्र पातळ. बसवताना मध्ये थाप मारली तर चेप जातो. खालच्या क्लिपांवर कड टेकवायची आणि वरच्या कडेलाच तळहाताचा किंवा रबरी हातोड्याचा दणका द्यायचा. खर्चाचा अंदाज बांधताना लक्षात ठेवा, ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर बसत नाही, भाडं आणि विमा धरून बसते. टोपी हलकी, पण खोकं मोठं. म्हणून एकेक मागवू नका. आणि मागवण्याआधी विकणाऱ्याला "माझी गाडी अमुक सालची" हे सांगू नका, कडेचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये विचारा. जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मी विचारलं होतं, उत्तर आलं नाही, तरी घेतल्या. पुढचं सुरूर फाट्यावर कळलं.

घडवलेली टोपी ऐकायला छान वाटते. भांडी बनवणारे स्पिनिंगवाले लेथवर साचा लावून पत्र्याची चकती दाबतात आणि बघता बघता वाटी तयार होते. पितळ यासाठी उत्तम, तापवून पुन्हा मऊ करता येतं; स्टेनलेस दाबता दाबता कडक होत जातं आणि कारागीर कुरकुरतो. पण अडचण वाटीची नाही, कडेची आहे. आत वळणारी ती अर्ध्या सेंटिमीटरची कड चारही टोप्यांना एकसारखी वळली नाही, तर बाकी सगळं काम वाया. शिवाय अक्षरं स्पिनिंगमध्ये उठत नाहीत, त्यांना प्रेसचा डाय, म्हणजे ठसा, लागतो, आणि चार टोप्यांसाठी डाय कोणी करत नाही. मी एक नमुना करून घेतला. सुंदर आहे, गुळगुळीत, मऊ पिवळा. गाडीवर लावली तर तांब्या बांधल्यासारखी दिसते. साधी, बिनअक्षरी टोपी हवी असेल आणि कारागीर तुमच्या डिस्कवर बसवून बघायला तयार असेल, तरच या वाटेनं जा.

चौथी वाट सुचवणारे भेटतातच: "बोलेरोची डिस्क टाका, नटांचं वर्तुळ तेच आहे." वर्तुळ खरंच तेच, 139.7 मिलिमीटर. पण बोलेरोला पाच नट आणि 3100 ला सहा. सहा नटांची आजच्या पिकअपची डिस्क मिळेल, पण तिच्यावर या क्लिपा कुठून आणणार? पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवलेल्यांनी तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, नाक किती बाहेर येतं तेही बघावं. टोपीला आतून टेकलं की ती बसतच नाही.

तेव्हा माझं मत असं. डिस्क मूळच्या असतील आणि क्लिपा झिजल्या असतील, तर आधी क्लिपा नव्या रिबीट करून घ्या, मग नक्कल मागवा. रोज चालवायच्या गाडीला हेच बरं. गाडी प्रदर्शनात जाणार असेल आणि वाट बघायची तयारी असेल, तर जुन्या स्टेनलेसच्या मागे लागा. एक जरी डिस्क परकी निघाली, तर टोपीवर एक रुपयाही घालू नका.

माझ्या तीन टोप्या घट्ट आहेत, चौथं चाक उघडं. आता मी टोपी नाही, डिस्क शोधतोय. जुन्या बाजारातल्या माणसानं बुधवारी दोन दाखवल्या. एक पाच नटांची निघाली, दुसरीच्या क्लिपा कोणीतरी छिन्नीनं उडवलेल्या. रविवारी परत बोलावलंय.