सोलापुरातील सॉफ्टवेअर टेस्टिंगचा पायाभूत वर्ग : शिकवणे भक्कम, जाहिरात फुगवलेली

सात रस्ता परिसरातील एका खासगी संस्थेत शनिवार-रविवारी भरणारा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा पायाभूत अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. प्रोग्रामिंग जमले नाही तर टेस्टिंग करावे, असा समज पदवी घेऊन पुण्याला मुलाखतींसाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या अनेक मुलामुलींचा असतो. तो समज हा वर्ग चांगलाच मोडून काढतो, आणि एवढ्यासाठी तरी त्याची शिफारस करावीशी वाटते.

सर्वांत सकस भाग चाचण्यांच्या आखणीचा आहे. मॅडमनी कोणतेही साधन न उघडता चादरी-टॉवेलच्या घाऊक व्यापाऱ्याला हव्या असलेल्या बिलिंग प्रणालीच्या अपेक्षांचे एक पान हाती दिले : ५० ते २०० नगांवर ५ टक्के सूट, त्याहून अधिक नगांवर ८ टक्के. प्रत्येक संख्या तपासणे अशक्य असल्यामुळे प्रणालीने ज्यांना सारखीच वागणूक द्यायला हवी अशा संख्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटातील एखादीच तपासायची, आणि चुका बहुधा गटांच्या सीमेवर दडलेल्या असतात म्हणून ४९, ५०, २०० व २०१ हे आकडे हटकून घ्यायचे, हे तंत्र या एका पानावरून नीट उमगते. मग त्यांनी विचारले, की टॉवेल डझनाच्या भावानेही विकले जातात, तर दुकानदाराने ५ हा आकडा टाकल्यास ते पाच नग समजायचे की साठ? पानावर याचे उत्तर नव्हते. कोडची एकही ओळ लिहिली जाण्यापूर्वी सापडलेला हा दोष होता, आणि तो या टप्प्यावर दुरुस्त करण्यास एक वाक्य पुरे होते.

१९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ गमावले गेले, त्यामागेही एककांचाच घोळ होता. जमिनीवरील एका सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदांत दिलेले आकडे न्यूटन-सेकंदांत आहेत असे गृहीत धरून पुढे वापरले गेले. हे उदाहरण एरवी नुसती गोष्ट म्हणून सांगितले जाते. येथे ते डझनाच्या प्रश्नापाठोपाठ आल्यामुळे त्याचे गांभीर्य कळते.

दोषाची तीव्रता आणि त्याचा प्राधान्यक्रम यांतील फरकही छान सांगितला : बिलाच्या माथ्यावर दुकानाचे नाव चुकीचे छापले गेले तर हिशेब बिघडत नाही, तरीही ती चूक सर्वांत आधी सुधारावी लागते. दुरुस्तीनंतर तोच दोष पुन्हा तपासणे आणि त्या दुरुस्तीने आधी चालणारे काही मोडले नाही ना हे पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही प्रात्यक्षिकातून दाखवले. गुणवत्ता हमी मात्र उरकली गेली. टेस्टिंग तयार झालेल्या वस्तूकडे पाहते आणि गुणवत्ता हमी ती तयार करण्याच्या प्रक्रियेकडे, एवढेच सांगून विषय संपला.

उणिवा जाहिरातीत अधिक आहेत. ‘ऑटोमेशनसह’ असे लिहिलेले असले तरी वेबसाइटच्या चाचण्या आपोआप चालवण्याचे सेलेनियम हे साधन शेवटच्या दोन तासांत केवळ पडद्यावर दाखवले जाते, आणि ‘नोकरीची हमी’ म्हणजे प्रत्यक्षात बायोडेटा पुढे पाठवणे. टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणाऱ्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पायाभूत परीक्षेच्या तयारीसाठी (४० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास २६ गुण) दिलेल्या टिपणांचा आधार २०१८ चा अभ्यासक्रम आहे. २०२३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीतील, ग्राहक, विकासक व टेस्टर यांनी एकत्र बसून स्वीकृतीचे निकष ठरवण्याचा भाग त्यांत नाही. ही परीक्षा देणाऱ्यांनी नवा अभ्यासक्रम आयएसटीक्यूबीच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावा. तो विनामूल्य मिळतो. ऑटोमेशन शिकण्यासाठीच येणाऱ्यांनी येथे शुल्क भरू नये.